अपत्ये तीन

माझ्या दिराशी भांडता येत नाही, हे मी बावीस वर्षांत शिकले. आपण आवाज चढवला की तो उतरवतो. आपण म्हणावं, "भावजी, हा सरळ सरळ विश्वासघात आहे," की तो मान कलती करून म्हणणार, "वहिनी, तुम्हाला राग आलाय." जसं काही ते मला माहीतच नव्हतं! विश्वासघात राहतो बाजूला आणि चर्चा सुरू होते माझ्या रागाची. ही त्यांच्या घरची रीत आहे. चंद्रशेखर मनोविकारतज्ज्ञ आहे, अमेरिकेत, ओहायोला. त्याची बायको साधना तेच. बहीण संजीवनी तेच. सासरे तेच होते, चुलतसासरे तेच, त्यांचा मुलगा तेच आणि आता शेखरचा मुलगा विक्रांतही त्याच वाटेला लागला आहे. सासरे असताना... नाही, ते गेल्यावर, त्यांची तसबीर मध्ये ठेवून सगळ्यांनी एक फोटो काढला आणि तो तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आला. मथळा होता, 'एक आडनाव, सात मनोविकारतज्ज्ञ'.

हेदवीकरांच्या त्या घरातला सगळ्यांत थोरला मुलगा म्हणजे माझा नवरा, प्रबोध. तो त्या फोटोत नाही, कारण त्याला स्किझोफ्रेनिया आहे.

लग्नाआधी मला हे कोणी सांगितलं नाही. १९८४ साल. मी नुकती सीए झाले होते. पुण्यात त्याच्या आत्याने स्थळ आणलं. मुलगा अमेरिकेत डॉक्टरी शिकत होता, पण तिकडची हवा मानवली नाही म्हणून परत आलाय, असं सांगितलं. माझ्या बाबांनी विश्वास ठेवला. हवा काय, कोणालाही मानवेनाशी होऊ शकते. लग्नाला सासरे ओहायोहून आले, बाबांपुढे हात जोडून उभे राहिले. आठव्या दिवशी मला व्हिटॅमिनच्या बाटलीत दुसऱ्याच गोळ्या सापडल्या. मी सासऱ्यांना ट्रंककॉल लावला. ते शांतपणे म्हणाले, "लग्नाने माणूस स्थिरावतो, नीता." गावच्या म्हातारीने असं म्हटलं असतं तर ह्याच लोकांनी तिच्या अडाणीपणावर दोन लेख लिहिले असते.

मी त्याला का सोडलं नाही, हे लोक विचारतात. म्हणजे विचारलं असतं, त्यांना माहीत असतं तर. प्रबोध वाईट माणूस नाही, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे. ९३ साली मला सिंगापूरच्या बँकेत नोकरी लागली आणि मी त्याला आणि सहा वर्षांच्या अश्लेषाला घेऊन इथे आले. क्वीन्सटाउनमधल्या जुन्या ब्लॉकमध्ये फ्लॅट घेतला. औषध चुकलं नाही, त्यामुळे आजारानेही फारसं डोकं वर काढलं नाही. आठवड्यातून तीन दिवस तो जवळच्या वाचनालयात जातो, परत आलेली पुस्तकं आपापल्या जागी लावतो. चुकीच्या जागी लागलेलं पुस्तक त्याला दहा पावलांवरून दिसतं.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक फॉर्म आला. हेदवीकर कुलमंडळ कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढणार होतं. मूळ पुरुषापासून आजच्या शेंडेफळापर्यंत सगळे हेदवीकर, कोण कुठे राहतो, काय शिकला, काय करतो. छपाईचा भार ओहायोच्या डॉक्टरांनी उचलला होता आणि त्यांच्या शाखेची पानं तेच तपासणार होते. प्रबोधने तो फॉर्म भरायला आठ दिवस घेतले. आधी कच्चा, मग पक्का. वाचनालयात जाऊन झेरॉक्स काढली, पाकीट स्वतः चिकटवलं, स्वतः पोस्टात टाकलं. मी काही वाचलं नाही. त्याने एवढं सांगितलं, "आजार लिहिलाय मी. विशेष माहितीच्या रकान्यात." मी म्हटलं, लिही. खरं तर मला वाटलं होतं, पुण्यात छापलेलं इथे कोण वाचतंय.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो ब्लॉकखालच्या टपालपेट्यांपाशी जायचा. पुस्तक यायला वेळ लागतो, मी सांगायचे. तो म्हणायचा, "हो, सातशे पानांचं आहे."

यंदा मार्चमध्ये शेखर इथे एका परिषदेला आला. रविवारी जेवायला येणार होता. तेरा वर्षांत पहिल्यांदाच. पण शुक्रवारीच त्याचा मला ऑफिसात फोन आला, "वहिनी, आधी आपण दोघंच भेटू या का?" तेव्हाच माझ्या कपाळावर आठी पडली.

रॅफल्स प्लेसच्या फूड कोर्टात तो कोट घालून बसला होता. भोवती सगळे ट्रे घेऊन जागा शोधत होते आणि ह्याने चार खुर्च्यांच्या टेबलावर फक्त एक जाडजूड हिरवं पुस्तक ठेवलं होतं. मी पान उघडलं. तीनशे बारा. डॉ. विनायक गोविंद हेदवीकर, माझे सासरे. शिक्षण, सन्मान, ओहायोत स्थापन केलेलं केंद्र, सगळं दीड पान. मग 'अपत्ये तीन'. खाली, एक, डॉ. चंद्रशेखर. दोन, डॉ. संजीवनी. त्याच्याखाली पुढच्या घराण्याचं नाव सुरू.

मी इतकी वर्षं ऑडिट केलंय. बेरीज जुळली नाही की मला आधी ते दिसतं. ह्यांनी माणूस काढला होता, पण आकडा बदलायला विसरले होते.

"तिसरं कुठे आहे, भावजी?"

"वहिनी, मला समजतंय तुम्हाला काय वाटत असेल."

"मला काय वाटतं ते मी विचारलेलं नाही. तिसरं अपत्य कुठे आहे?"

त्याने चष्मा काढून पुसला. "दादाने फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंय का?"

"स्किझोफ्रेनिया लिहिलंय. खोटं आहे का?"

"तेवढंच नाही लिहिलेलं. त्याने—"

"पुरे!" मी म्हणाले. "बावीस वर्षं मी त्याच्याबरोबर राहतेय. त्याने काय लिहिलं ते मला तुमच्याकडून कळायला नको." शेजारच्या टेबलावरच्या दोन मुली वळून बघायला लागल्या. "उद्या आमच्या इथल्या मराठी मंडळात भाषण आहे ना तुमचं? विषय काय?"

त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मानसिक आजार, लपवू नका."

मी हसले. असं हसणं मला शोभत नाही, पण आलं. त्याने तेही बघितलं आणि मनात कुठेतरी टिपून ठेवलं असणार. मग तो मुद्द्यावर आला. आमच्याकडे पेशंट आडनाव बघून येतात. घरातल्याच माणसाबद्दल असं छापून आलं तर लोक काय म्हणतील. प्रत पाठवायच्या आधी पुस्तकात एक शुद्धिपत्र चिकटवता येईल. नाव, जन्मसाल, सिंगापूर, पत्नी, कन्या. बस्स. फक्त कुलमंडळाला दादाच्या सहीचा नवीन फॉर्म लागेल, विशेष माहितीचा रकाना कोरा सोडून. त्याने कोटाच्या खिशातून कोरा फॉर्म काढला. "तुम्ही सांगितलंत तर तो भरेल. रविवारी मी घेऊन जाईन."

आता वाटतं, तिथेच तो फॉर्म फाडून त्याच्या पुढ्यात टाकायला हवा होता. मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. पुस्तकही ऑफिसच्या बॅगेत टाकलं. शुद्धिपत्र तर शुद्धिपत्र, नाव तर येईल, असा हिशेब मी केला. रोज टपालपेटी उघडणाऱ्या माणसाला एकदा तरी त्यात काही मिळेल.

शनिवारी भाषणाला मी एकटी गेले. प्रबोधला सांगितलं, पास संपले. पास संपले नव्हते, पासच नव्हते.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. सुरुवातीला मंडळातल्या बायकांनी विचारलं होतं, तुमचे मिस्टर काय करतात, दिसत नाहीत कुठे. मी म्हटलं, हार्टचा त्रास आहे, लवकर निवृत्ती घेतली. नुसता त्रास सांगून भागेना, तेव्हा पुढे मी त्याची बायपास करून टाकली. एका खोट्यामागे दुसरं लागतंच. मंडळाच्या नंदाताई मनाने फार चांगल्या. तेव्हापासून दर दिवाळीला त्या आमच्या घरचे लाडू वेगळे बांधतात, बिनतुपाचे. प्रबोधला तूप जीव की प्राण. तो दर वर्षी एक लाडू हातात घेऊन विचारतो, "ह्यांचे असे कोरडे का होतात गं?" मी म्हणते, नंदाताईंना जमत नाहीत.

शेखर छान बोलला. त्याला बोलता येतंच. "ज्या घरात आजार लपवला जातो, तिथे आजारी माणूस एकटा पडतो," असं म्हणून थांबला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. मी मागच्या रांगेत बसून दात ओठ खात होते. भाषणानंतर नंदाताई त्याच्याशी बोलायला गेल्या. बोलता बोलता शेखरने सभागृहात नजर फिरवून मला शोधलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मी चहाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

रविवारी सकाळी प्रबोधने इस्त्रीचा शर्ट घातला. शेखरला लहानपणी आवडायचं म्हणून वालाचं बिरडं करायला लावलं, वाल स्वतः सोलले. फॉर्मबद्दल मी त्याला काही बोलले नव्हते. बोलायला तोंड उघडायचे आणि त्याच्या सोललेल्या वालांकडे बघून मिटायचे.

शेखर साडेबाराला आला. दोघे भाऊ दारात जरा अवघडून उभे राहिले. मग प्रबोधनेच त्याचा हात धरून आत आणलं आणि बसायच्या आधी विचारलं, "पुस्तक आणलंस?"

शेखरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही भरला. तो म्हणाला, "बाइंडिंगचं काम राहिलंय जरा, दादा."

आम्ही पानावर बसलो. पहिला भात संपायच्या आत अश्लेषा, आमची मुलगी, बाहेर जायला निघाली. तिला एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, कार्ड सापडेना, म्हणून तिने माझी बॅग उघडली. बाहेर आली ती हिरवं पुस्तक घेऊन.

"आई, धिस वन बाबाज बुक, राइट? व्हाय यू हाइड?"

प्रबोधने हात धुतले. टॉवेलला कोरडे केले. वाचनालयात हाताळतो तसं पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं आणि आधी शेवटची सूची उघडली. तिथे नाव मिळालं नाही. मग वडिलांचं पान काढलं. बोट ओळीखालून फिरवत वाचलं, परत वाचलं.

"अपत्ये तीन," तो म्हणाला. "शेखर, मग मी कुठे आहे? फॉर्म पोचला नव्हता का?"

शेखर पुढे झुकला. तोच आवाज, तीच कलती मान. "दादा, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना तुझ्या?"

आणि मग मात्र माझा तोल गेला. "अहो, प्रश्न विचारलाय त्याने! साधा, सरळ प्रश्न! शहाण्या माणसाने विचारला असता तर उत्तर दिलं असतंत ना? ह्याने विचारला की लगेच गोळ्या! फॉर्म पोचला होता. ह्यांनी वाचला आणि तुला काढून टाकलं, प्रबोध. जिवंत सख्खा भाऊ काढून टाकला आणि काल तीनशे माणसांपुढे उभं राहून सांगतात, लपवू नका! लाज कशी वाटत नाही तुम्हाला? सात सात डॉक्टर आणि घरातल्या एका माणसाचं नाव घ्यायची हिंमत नाही एकाचीही!"

"वहिनी, तुम्हाला राग—"

"आलाय! राग आलाय! लिहून घ्या!"

बावीस वर्षांत पहिल्यांदा शेखरचा आवाज चढला. "आणि तुम्ही काय केलंत? काल त्या नंदाताईंनी मला विचारलं, बायपासनंतर भावाची तब्येत कशी आहे. काय सांगायला हवं होतं मी? नवीन फॉर्म शुक्रवारपासून तुमच्या पर्समध्ये आहे. नाही म्हणाला होतात का तेव्हा? घेतलात ना गपचूप? मी निदान पुण्याच्या पुस्तकातून काढलं. तुम्ही तर तो राहतो त्या गावातून काढलाय त्याला!"

ह्या माणसाशी भांडण्यात मी पहिल्यांदा खरी हरले होते, आणि तो खरं बोलत होता म्हणून हरले होते.

"व्हॉट बायपास?" अश्लेषाने विचारलं. कोणी तिच्याकडे बघितलं नाही.

प्रबोध विचार करत होता. मग हळूच म्हणाला, "लाडू."

"काय?" शेखर म्हणाला.

"म्हणून त्या लाडवांत तूप नसतं," प्रबोध माझ्याकडे बघून म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

शेखर उठला. प्रबोध त्याला म्हणाला, "जेवून जा. बिरडं तुझ्यासाठी केलंय." तो उभाच राहिला. मी म्हणाले, "जाऊ दे त्यांना." अजून माझ्यात एवढी आग शिल्लक होती. तेव्हा प्रबोधने पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं. "हे घेऊन जा. पान गळालेलं पुस्तक आमच्याकडे शेल्फवर ठेवत नाहीत." शेखरने पुस्तक घेतलं. बूट घातले आणि निघाला. लिफ्टचा दरवाजा लागल्याचा आवाज आला तेव्हा अश्लेषा रडत होती. बाहेर जायचं तिने केव्हाच रद्द केलं होतं.

पाहुणे असले की प्रबोध दुपारची गोळी स्वयंपाकघरात उभं राहून घेतो. हा माझा नियम. त्या दिवशी तो गोळ्यांचं पाकीट टेबलावर घेऊन आला आणि ताटाशेजारी बसून, पाण्याबरोबर, सावकाश गोळी घेतली. मग ज्या खणात गोळ्या असतात त्यातूनच एक प्लास्टिकची फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. फॉर्मची झेरॉक्स होती.

"नंदाताईंना फोन लाव," तो म्हणाला.

"काय सांगू त्यांना?"

"मी लिहिलंय ते वाचून दाखव. तेवढं पुरे."

मी नंबर फिरवला. नंदाताईंनी लगेच उचलला. "अगं, काय सुंदर बोलले गं तुझे दीर!" मी म्हटलं, नंदाताई, दोन मिनिटं काही बोलू नका, मला काहीतरी वाचून दाखवायचंय. प्रबोध समोर हाताची घडी घालून बसला होता. अश्लेषा त्याच्या खुर्चीमागे उभी होती.

"प्रबोध विनायक हेदवीकर," मी वाचायला लागले. "जन्म १९५३. शिक्षण, वैद्यकीय, दुसऱ्या वर्षापर्यंत, अपूर्ण. व्यवसाय, वाचनालयात पुस्तके लावणे. विशेष माहिती. १९७७ पासून स्किझोफ्रेनिया आहे. औषध नियमित घेतो."

झालं, असं मला वाटलं. सगळ्यांत कठीण ते वाचून झालं होतं. पण रकाना संपला नव्हता. खाली त्याच सुबक अक्षरात आणखी तीन ओळी होत्या. फूड कोर्टात शेखर ज्या सांगायला निघाला होता आणि मी त्याला गप्प केलं होतं, त्या ह्याच.

"पत्नी, नीता, माहेरची सोमण," मी वाचलं. "घर हीच चालवते. विवाहापूर्वी..."

मी कागदावरून मान वर केली. प्रबोध म्हणाला, "वाच."

"विवाहापूर्वी हिला आजाराची कल्पना दिली नव्हती. ही फसवणूक होती. चूक हेदवीकरांची, त्यात मीही."

बावीस वर्षांत हे मला कोणीही म्हटलं नव्हतं. सासऱ्यांनी नाही, आत्यांनी नाही, सातांतल्या एकाने नाही. ज्याने लिहिलं, त्याला मी ह्या गावातून पुसून टाकलं होतं.

"नीता?" नंदाताईंचा आवाज आला. "अगं, ऐकतेय मी. पुढे?"

"पुढे काही नाही," मी म्हणाले. "खाली सही आहे. प्र. वि. हेदवीकर."